सुई मधोमध

गाडीच्या डॅशबोर्डवर एक गोल बटण असतं. त्याच्या अर्ध्या भागाला निळी पट्टी, अर्ध्या भागाला लाल. माझी सगळी हयात गॅरेजात गेली, पण आमच्या भागात ते बटण लाल पट्टीकडं फिरवणारी माणसं मी बोटावर मोजण्याइतकीच पाहिली. मराठवाड्यात गाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, "एसी कसा हाय?" हीटरचं नाव कुणी काढत नाही. मे महिन्यात दुपारी स्टिअरिंगला हात लावायला जिथं फडकं लागतं, त्या शहरात हीटर दुरुस्त करणारा म्हणजे टकल्यांच्या गावात कंगवे विकणारा.

हीटरचा उपयोग आमच्याकडं एकाच कामाला होतो आणि तो ऐकून बाहेरचे लोक हसतात. आमच्या ओळखीचा सलीम नावाचा एक टुरिस्ट गाडीवाला होता. त्याला मी एकदा सांगून ठेवलं होतं, की घाटात इंजिन तापलं आणि थांबायला जागा नसली, तर हीटर पूर्ण सोड. इंजिनाची गरमी गाडीच्या आत येते आणि इंजिनाला तेवढाच दम खायला मिळतो. हे अगदी खरं आहे. सलीमनं माझा सल्ला मे महिन्यात भर दुपारी पाळला. अजिंठ्याची लेणी बघून आलेले परदेशी पाहुणे मागं बसलेले, गाडी फर्दापूरच्या पुढचा घाट चढतेय आणि काटा लाल रेषेला भिडलेला. त्यानं हीटर सोडला. घाटमाथ्यावर पाहुणे निथळत उतरले. त्यातल्या एका आजीबाईंना वाटलं, हा इथला काहीतरी आयुर्वेदिक उपचार असावा. सलीम गॅरेजात येऊन म्हणाला, "उस्ताद, इंजन तो बच गया, लेकिन पाहुने उबल गये."

ही गंमत आधी सांगितली, कारण पुढची गोष्ट समजायला एवढंच कळायला हवं. गाडीच्या हीटरला स्वतःची आग नसते. इंजिनात जे पाणी फिरतं, तेच तापून दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डच्या मागं बसवलेल्या एका छोट्या रेडिएटरमध्ये जातं. त्यावरून पंखा हवा फेकतो. पाणी गरम असेल तर हवा गरम, पाणी गार असेल तर हवा गार. म्हणजे हीटर हा इंजिनाच्या घरचा पाहुणा आहे. यजमानाच्या चुलीवर काही शिजलं, तरच त्याच्या ताटात काही पडणार.

हे मला शिकवलं ते माझ्या उस्तादांनी. ते निजामाच्या काळातल्या बसगाड्यांवर हात काळे करून शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं आणि मी तिथं पाना धरायला शिकलो. त्यांचं एक वाक्य होतं: "सुनना सब की, मानना हात की." गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकून घ्यायचं, पण हात लावून बघितल्याशिवाय काही खरं मानायचं नाही. पुढं मी हर्सूल रस्त्यावर स्वतःचं गॅरेज काढलं, तेव्हा पाटी लावायच्या आधी हे वाक्य मनाशी पक्कं केलं.

आता तात्याचं सांगतो. कारभारी त्याचं नाव, सगळे तात्या म्हणतात. हर्सूलच्या पलीकडं त्याची शेती आहे, मोसंबीची बाग आहे, आणि माझी त्याची दोस्ती गॅरेजाच्या पहिल्या दिवसापासूनची. बायको काही वर्षांपूर्वी वारली. घरात मुलगा गणेश, सून मनीषा आणि वर्षाच्या आतली एक नात. आणि दारात एक पांढरी डिझेल गाडी, जुनी घेतलेली, पण तात्याच्या लेखी तिच्यासारखी गाडी जिल्ह्यात नव्हती. तो अभिमानानं सांगायचा, "माझ्या गाडीची सुई कधी वर येत नाय. उन्हाळ्यात नाशिकला जाऊन आलो, सुई तळाला."

सुई म्हणजे इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा. आमच्याकडं ज्याची सुई तळाला त्याची गाडी निरोगी, अशी ठाम समजूत आहे. मी त्याला दोनचारदा म्हटलं, "तात्या, सुई मधोमध पाहिजे. तळाला असणं हे सुद्धा दुखणंच आहे." तो हसायचा आणि म्हणायचा, "तुला धंदा पाहिजे म्हणून तू गार गाडीत बी रोग काढतो."

मग एका डिसेंबरात मनीषा गाडी घेऊन आली. शेतकऱ्याची लेक, शेतकीतलंच मोठं शिक्षण घेतलेली. तिला हिमाचलात सफरचंदांवर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात नोकरी लागली होती. गणेशचं काम कॉम्प्युटरवरचं, घरून चालणारं, त्यामुळे तो बरोबर जायला तयार होता. राहायची जागा एकीकडं, केंद्र दुसरीकडं, मधे रोजचा डोंगररस्ता आणि लेकीला वाटेतल्या पाळणाघरात सोडायचं. गाडीशिवाय निभणार नव्हतं आणि दुसरी गाडी घेण्याजोगी परिस्थिती नव्हती.

"चाचा," ती म्हणाली, "परवा सकाळी धुकं होतं म्हणून हीटर लावून बघितला. गार हवा आली. आणि नेमकं तात्या शेजारी बसले होते."

"मग?"

"मग काय! त्यांना तेच पाहिजे होतं. नोकरीला आजवर तोंडानं नाही म्हटले नाहीत, पण तेव्हापासून घरात एकच. 'या गाडीत लेकरू गारठंल. बर्फात गार हवा खात जाणार का?' मामा, मावश्या, भावकी, सगळ्यांना फोन झाले. आता सगळे तेच म्हणायलेत."

तात्यानं वर एक अट घातली होती. गाडी दुरुस्त झाली असं कुणी नुसतं सांगायचं नाही. थंडीच्या पहाटे काचा बंद करून म्हैसमाळच्या डोंगरावर जायचं, आणि त्याच्या गळ्यातला मफलर निघण्याइतकं गरम झालं तरच गाडी हिमाचलला जाईल. तात्याचा तो किरमिजी मफलर दिवाळीला गळ्यात पडतो, तो होळीलाच उतरतो. अट घालणारा माणूस हुशार होता.

"हीटर नाही झाला तर जाणार नाहीस?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "जाणार तर आहेच, चाचा. पण मग भांडून जावं लागंल. आणि भांडून सोडलेल्या घरी परत यायला लई अवघड जातं."

हे ऐकल्यावर मी ठरवलं, काहीही होवो, त्या बटणाच्या लाल बाजूला लाल करून दाखवायचं. घरी बेगमला सांगितलं तर ती म्हणाली, "बच्ची का मामला है. नक्को टालो." टाळायचा प्रश्नच नव्हता. रुजू व्हायची तारीख जवळ आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असतानाच मी रेडिएटरचं झाकण उघडलं. गरम इंजिनाचं झाकण उघडू नये, उकळतं पाणी तोंडावर येतं. हे वाचणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. आत हिरवं कूलंट, म्हणजे गंज न धरणारं खास पाणी, असायला हवं होतं. होतं ते चहासारखं लालसर पाणी, आणि तेही कमी. पाण्याची पातळी खाली गेली, की सगळ्यात आधी उपाशी राहतो तो हीटर, कारण त्याची जागा उंचावर. मी बोट बुडवून घासून पाहिलं. बोटाला रवाळ लागलं.

पाणी भरून गाडी सुरू केली आणि बराच वेळ चालू ठेवली. सुई तळाला. दूध तापवायला ठेवावं आणि ते कोमटच राहावं, तसलं ते इंजिन. मग थर्मोस्टॅटचं घर खोललं. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं एक छोटं दार. इंजिन गार असतं तोवर ते बंद राहतं, म्हणजे आतलं पाणी आतच फिरून लवकर तापतं. नीट तापलं की दार उघडतं आणि पाणी रेडिएटरकडं गार व्हायला जातं. घर खोललं आणि आत दारच नव्हतं. मोकळं भगदाड.

मला नवल वाटलं नाही. आमच्या भागात ही जुनी रीत आहे. उन्हाळ्यात गाडी तापली की हमरस्त्यावरचा कुणीतरी सांगतो, "थर्मोस्टॅट काढून टाका, कटकटच नको." पाणी सदानकदा रेडिएटरमधून फिरतं, सुई तळाला जाते आणि मालक खूश होतो. इंजिन कायम अर्धकच्चं राहतं, डिझेल जास्त पितं, लवकर झिजतं, पण ते कुणाला दिसत नाही. माझे उस्ताद कुणाला दार काढू देत नसत. म्हणायचे, गरमी लागते म्हणून कुणी घराचं दार उखडून फेकतं का?

तात्याला फोन लावला. "दार कुणी काढलं?"

"मीच काढाया लावलं," तो म्हणाला. "जालन्याहून येताना गाडी तापली व्हती. तिथल्या मेस्त्रीनं काढून हातात दिलं. तवापासून सुई बग कशी तळाला."

नवा थर्मोस्टॅट बाजारात मिळाला. तो मी बसवायला घेतला होता, तेवढ्यात तात्या स्वतः गॅरेजात आला. एकटा. मफलर गळ्याला दोन वेढे देऊन. मी चहा मागवला. तो जुन्या सीटवर बसला. आमच्या गॅरेजात एका मोडीत गेलेल्या जीपचं सीट आहे, तोच आमचा पाहुण्यांचा सोफा.

"युसूफभाई, एक काम हाय."

"बोल."

"गाडी व्हत नाय म्हणून सांग."

मी पाना खाली ठेवला. "होते, तात्या."

"व्हत असंल. मला काय कळत नाय व्हय? पण तू नाय म्हणून सांग. तुझा शबूद ती मानती. माझा मानायची नाय." त्यानं मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाला, "आत्ताशी बसाया लागलीय रे ती. मी शेतातून आलो की दोन्ही हात वर करती. तिकडं जाऊन वरीस काढलं, तर मला वळखंल तरी का?"

माझा मुलगा तिकडं आखातात, दम्मामला आहे. त्याचं पोर फोनवर माझा आवाज ऐकून आईला विचारतं, "कौन है?" तेव्हा छातीत काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. तात्याला नाही म्हणणं म्हणजे माझ्याच जखमेवरची पट्टी ओढणं होतं.

तरी मी नाही म्हटलं. "तात्या, तुला पोरीला थांबवायचं असलं, तर तू थांबव. तुझ्या तोंडानं सांग, मला एकटं वाटतं, जाऊ नका. हीटरच्या तोंडून कशाला सांगतोस? गाडीबद्दल मी खोटं बोलणार नाही. एकदा बोललो, तर उद्या तुझ्या ब्रेकबद्दल खरं सांगितलेलं तरी तू कशावरून मानशील?"

तो उठला. चहा आला होता, तो तसाच ठेवून निघून गेला. आमच्या दोस्तीत चहा तसाच राहिल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. मला राग आला, वाईटही वाटलं आणि मी दुप्पट जिद्दीनं गाडीखाली शिरलो.

पण जिद्दीनं गाडी दुरुस्त होत नाही, दुखणं सापडल्यावर होते. थर्मोस्टॅट बसला, सुई पहिल्यांदाच मधोमध आली. मी बटण लाल बाजूला फिरवलं, पंखा सोडला. हवा गारच. मनीषा शेजारी उभी होती. तिनं जाळीपुढं हात धरला आणि मागं घेतला.

"इकडं ये," मी म्हटलं. तिच्या हातात फडकं दिलं आणि हीटरच्या दोन नळ्या दाखवल्या. "फडक्यातून धरून बघ. कशा लागतात?"

"ही गरम आहे. ही दुसरी गार."

"मग अडलंय कुठं?"

"मधे," ती म्हणाली. "पाणी आत जातंय, पण बाहेर येत नाहीये."

अगदी बरोबर. दोन्ही नळ्या कोमट असत्या, तर इंजिन तापत नाही असं समजायचं. दोन्ही कडकडीत असूनही हवा गार असती, तर हवा वळवणारी आतली झडप अडकलीय. एक गरम नि एक गार म्हणजे मधला छोटा रेडिएटर चोंदलाय. मी उलट्या बाजूनं पाण्याचा जोर लावून पाहिला. लाल गाळ आला, भरपूर आला. हीटरनं थोडी ऊब धरली. मनीषा हसत घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली, तेव्हा हसत नव्हती. ऊब गेली होती. सुटलेला गाळ आत जाऊन पुन्हा बसला होता.

नवा छोटा रेडिएटर शोधायला मी सगळा बाजार पालथा घातला. एक दुकानदार म्हणाला, "चाचा, बीस साल में पहली बार किसी ने पूछा." दिल्लीहून मागवता येईल, पण किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. तेवढे दिवस आमच्याकडं नव्हते. तेव्हा ठरवलं, डॅशबोर्ड उतरवायचा. हे काम कुठलाच मेकॅनिक आनंदानं करत नाही. स्टिअरिंग, टेप, वायरींची जुडगी, असंख्य स्क्रू, आणि शेवटी जोडताना एक स्क्रू हमखास उरतो. गाडी आतून अशी दिसते, की मालकानं बघितली तर त्याला घेरी यावी.

नेमका तेव्हाच तात्या आला. म्हणाला, "मी काय बोलाया आलो नाय. फकस्त गाडी कुठवर आली ते बगाया आलो." गाडीची ती अवस्था बघून त्याच्या चेहऱ्यावर थोडं समाधान आलेलं मला दिसलं. मी बाहेर काढलेला छोटा रेडिएटर टेबलावर ठेवला आणि एका तोंडातून मगभर पाणी ओतलं. दुसऱ्या तोंडातून थेंब थेंब आलं. आमच्या शहरात ज्या दिवशी नळाची पाळी असते त्या दिवशी सुरुवातीला येतं, तसं.

तात्या पुढं सरकला. चष्मा लावला. तोंडाशी जमलेला पिवळट-पांढरा थर नखानं खरवडला, बोटांत चुरला.

"ह्ये तर खारं हाय."

"तुझ्याच बोअरचं पाणी आहे, तात्या. एवढी वर्षं रेडिएटरात घालत आलास."

"म्हंजी ठिबकच्या नळ्या चोंदत्यात तसंच की."

"तसंच."

मी त्याच्याकडं पाहत होतो. मोसंबीच्या बागेत ठिबकच्या नळ्या चोंदल्या, की हा माणूस जेवण सोडून बागेत बसतो. एकेक छिद्र मोकळं झाल्याशिवाय उठत नाही. त्याच्या हातात तो छोटा रेडिएटर होता, आणि त्याचं मन कुठं आणि हात कुठं चाललेत हे त्याला स्वतःलाच कळत नसावं.

"ॲसिड मार," तो एकदम म्हणाला.

"ॲल्युमिनियम आहे. तुझं बागेतलं ॲसिड याला खाऊन टाकील."

"मग लिंबूसत घे. गरम पाण्यात कालव, भरून ठेव, मुरू दे. घाई करू नगस. आन् जोर उलट्या अंगानं लाव, घाण आली त्याच वाटंनं बाहीर काढायची. आम्ही तेच करतो." मग त्याला आपण काय बोललो ते समजलं. रेडिएटर खाली ठेवत तो पुटपुटला, "चोंदलेली नळी बगवत नाय मला. दुसरं काय नाय."

"मी कुठं काय म्हटलं?"

लिंबूसत्त्वाचा उपाय मला माहीत नव्हता असं नाही, पण ते बोलून दाखवायची वेळ ती नव्हती. मी किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणवलं. तात्या घरी जायचं नाव घेईना. पाणी मुरलं, फेसाळलं, आम्ही ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. खपल्या पडायला लागल्या. प्रत्येक वेळी तो उजेडाकडं धरून म्हणायचा, "आजून हाय. आजून एकडाव." माझ्या पाठीला रग लागली, पण त्याचं समाधान होईना. शेवटी एका तोंडातून ओतलेलं पाणी दुसऱ्या तोंडातून सळसळून बाहेर पडलं आणि टेबलावरून आमच्या दोघांच्या पायांवर सांडलं. तात्या लहान पोरासारखा हसला. मग त्याचं हसू गेलं. मफलर नीट करत तो म्हणाला, "अट हाय ती हाय."

गाडी जोडली. एक स्क्रू उरला, तो मी खिशात घातला. आता शेवटचं काम राहिलं होतं, आतली हवा काढायचं. नवीन कूलंट भरताना नळ्यांत कुठंतरी हवेचा फुगा अडकतो आणि तोच पाण्याची वाट अडवतो. त्यासाठी गाडीचं तोंड उंच करून, इंजिन थंड असतानाच झाकण उघडं ठेवून ती सुरू करायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घालत राहायचं. आम्ही गाडी हर्सूल तलावाकडच्या चढावर नेऊन उभी केली. बुडबुडे डबडब करत वर येत होते. तात्या म्हणाला, "विहिरीवरच्या मोटारीची हवा काढतो तसंच." कूलंटचं नरसाळं त्यानंच धरलं होतं.

ठरल्या पहाटे आम्ही म्हैसमाळला निघालो. गणेश गाडी चालवायला, शेजारी तात्या, मागं मी, मनीषा आणि तिच्या मांडीवर लोकरीची टोपी घातलेली लेक. थंडी चांगली होती. दौलताबादच्या रस्त्यावर शेकोट्या पेटल्या होत्या. काचा बंद. गणेशनं बटण लाल बाजूला फिरवलं. सुरुवातीला गारच हवा आली. तात्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी सुईकडं बोट दाखवलं. ती तळाशी होती. डिझेल इंजिन आहे, सावकाश तापतं. इतक्या वर्षांत किती इंजिनं उघडली, पण एका गोल बटणासाठी इतका जीव कधी टांगणीला लागला नव्हता.

सुई हलली. दौलताबादचा किल्ला मागं पडला तेव्हा ती पाव भागावर होती. खुलताबादच्या चढाला मधोमध आली आणि तिथं खिळल्यासारखी थांबली. हवा कोमट झाली, मग उबदार, मग चांगली गरम. मी स्वेटर काढला. मनीषानं शाल काढली. गणेशनं बाह्या वर केल्या.

तात्या तसाच बसला होता. मफलरचे दोन्ही वेढे जागेवर. त्याच्या कानामागून घामाची धार निघून मफलरात मुरत होती.

"कसं वाटतंय, तात्या?" मी विचारलं.

"ठीक हाय."

"गरम होतंय का?"

"तसं काय नाय."

म्हैसमाळच्या घाटात त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला, पण हात मफलराकडं जाईना. मला कळून चुकलं, हा माणूस वितळून सीटवरून वाहून जाईल, पण मफलर काढायचा नाही. मनीषा खिडकीबाहेर बघत होती.

तेवढ्यात लेक कुरकुरायला लागली. डोकं इकडून तिकडं घासत तिनं भोकाड पसरलं. तात्या सगळाच्या सगळा मागं वळला.

"अगं, तिला उकडतंय! टोपी काढ तिची!"

"राहू द्या तात्या," मनीषा शांतपणे म्हणाली. "गारठंल ती."

"गारठतीय कशाची! लेकरू घामानं थबथबलंय, दिसत नाय का तुला?" त्यानं स्वतःच हात लांबवला आणि नातीची टोपी काढली. तिचं ओलं जावळ तळव्यानं पुसलं. नातीनं रडं थांबवलं आणि दोन्ही हात वर केले.

तात्यानं टोपीची घडी करून ती स्वतःच्या खिशात ठेवली आणि पुढं तोंड करून बसला. माथ्यावर गाडी थांबली. आम्ही वाऱ्यात उतरलो. खाली अजून धुकं होतं. तात्या गणेशला म्हणाला, "कधी निगायचं म्हणता?"

मनीषानं वाकून त्याच्या पायाला हात लावला. मला तिच्याकडं बघवेना, म्हणून मी बॉनेट उघडून उगाच नळ्या चाचपत राहिलो. दोन्ही सारख्या गरम होत्या.

निघायच्या दिवशी तात्यानं डिकीत हिरव्या कूलंटचा डबा ठेवला आणि सुनेला बजावलं, "पाणी कमी झालं तर ह्येच घालायचं. बोअरचं नाय, नळाचं नाय, झऱ्याचं बी नाय." जणू हे सगळं त्यानंच मला शिकवलं होतं. गाडी हर्सूल जेलच्या वळणापलीकडं जाईपर्यंत तो रस्त्यात उभा होता. मग माझ्याबरोबर गॅरेजात आला आणि जीपच्या सीटवर बसला. दुसऱ्या दिवशीही आला. रोजच यायला लागला. चहा पीत बसायचा, फारसं बोलायचा नाही. मला कधी कधी वाटायचं, मी त्याचं ऐकायला हवं होतं का? उत्तर दरवेळी नाही असंच यायचं, पण त्याचं रिकामं घर आठवलं की ते उत्तर घशाखाली उतरायचं नाही.

एका संध्याकाळी तो असाच बसलेला असताना फोन आला. त्यानं स्पीकर लावला. मनीषा होती.

"तात्या, रात्रीपासून बर्फ पडतोय. सगळं पांढरं झालंय बघा! गाडीतूनच बोलतेय, पाळणाघराच्या दारात थांबलोय. गणेशनं आत्ताच हिला आणून मागं बसवलं."

तात्याच्या मनात काय काय विचारायचं होतं ते मला माहीत होतं. लेकरू खातं का, झोपतं का, आठवण काढतं का. त्यानं फोन तोंडाजवळ नेला आणि विचारलं, "सुई कुठं हाय?"

"मधोमध, तात्या."

"बगून सांग."

"बघूनच सांगतेय. अगदी मधोमध."

"आन् टोपी?"

"टोपी कुठली! तुम्हीच खिशात घालून ठेवलीत. नवीन घेतलीय, पण गाडीत काढूनच ठेवावी लागते. उकडतं तिला."

पलीकडून नातीचा आवाज आला, अर्थ नसलेला, पण मोठा आणि खुशीचा. तात्या तो संपेपर्यंत ऐकत राहिला. मग फोन खाली ठेवला. गळ्यातले दोन्ही वेढे सावकाश सोडवले, मफलर काढला आणि त्यानंच डोळे पुसले.

"लई गरम होतंय तुझ्या गॅरेजात," तो म्हणाला.

शटर पूर्ण उघडं होतं आणि तलावावरचा वारा सरळ आत येत होता.

"व्हय तात्या," मी म्हटलं. "होतंय खरं."